लाखेच्या रोगणावरील दुधी झाक
जबलपुरास पौषात मावठा पडून गेला की नर्मदेकाठी सकाळी धुके दाटते. अशा वेळी सागवानी दारावर चपडा लाखेचे रोगण चढविल्यास घटकाभरात त्यावर दुधी झाक येते. सुताराचे श्रम वाया जातात आणि दोष येतो तो लाखेच्या माथी! पळस-कुसुमांवर पोसलेल्या किड्यांची ही लाख बहुधा निर्दोष असते. तिला विरघळविणारे स्पिरिट उडून जाताना पृष्ठभागातील उष्णता शोषून घेते. गारठलेल्या थरावर हवेतील बाष्प दवरूपाने जमते. लाख पाण्यात विरघळत नाही. ती सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळी होते व पारदर्शकता नाहीशी होते. कोरड्या दुपारी स्पिरिटने किंचित ओलावलेला बोळा हलकेच फिरविला म्हणजे झाक बहुधा जाते. घाईने वर दुसरा हात दिल्यास मात्र ओलावा आतच कोंडतो.