नोकरीसाठी स्थलांतर आणि मनावरचा ताण

नव्या शहरातील नोकरीचे नियुक्तिपत्र आले की घरात पेढे वाटले जातात. पुढच्या ताणाविषयी बोलणे नेमके यामुळेच अवघड होते. 'सगळे चांगले झाले असताना तक्रार कसली?' असे इतरांनी विचारण्याआधी माणूस स्वतःलाच विचारतो.

थॉमस होम्स व रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ बदलांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, तर विवाहालाही ५०. घटना सुखाची की दुःखाची, यापेक्षा तिच्याशी जुळवून घेण्यास किती शक्ती लागते, हे त्यात मोजले जाते. घर बदलण्यास अवघे २० गुण आहेत. परंतु एकटे घर बदलत नाही. कामाच्या वेळा (२०), राहणीमान (२५), मुलांची शाळा (२०), पत्नीची सुटलेली नोकरी (२६), विरंगुळा (१९), सामाजिक जीवन (१८), झोप (१६), आप्तांच्या भेटी (१५) आणि जेवणखाण (१५) मिळून बेरीज १९४ भरते. या मोजपट्टीनुसार १५० च्या पुढे आजारपणाचा संभव वाढतो. मोजपट्टी ढोबळ आहे हे खरे, पण थकवा नेमका कशाचा, याचा उलगडा तीतून होतो.

सोलापूरहून बंगळूरला गेलेल्या माणसाला वाणी, डॉक्टर, बसचा मार्ग, रिक्षावाल्याशी बोलायची भाषा, सारेच नव्याने शिकावे लागते. पूर्वी विचार न करता होणाऱ्या कामांत आता लक्ष खर्ची पडते आणि कचेरीत फारसे काम नसतानाही संध्याकाळी डोके जड होते. नोकरी करणाऱ्यास निदान सहकारी तरी असतात. सोबत आलेल्या जोडीदाराचा दिवस मात्र चार भिंतींत जातो. घरातील चिडचिडीचे मूळ पुष्कळदा येथेच असते आणि दोष दिला जातो तो स्वभावाला.

असा ताण बहुधा काही महिन्यांत ओसरतो. बदलानंतरच्या तीन महिन्यांत उदासी, धास्ती इतकी वाढली की काम वा नातीच अडू लागली, तर मानसोपचारशास्त्र त्याला समायोजनाचा विकार मानते. त्यावर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. परमुलखात मन मोकळे करायचे कोणत्या भाषेत, हीही अडचण असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जोडीदारानेही तेथे स्वतंत्रपणे दूरध्वनी करण्यास हरकत नाही.