तपासणीच्या चिठ्ठीवर न लिहिलेला धोका

कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सीपीआर’, येथे जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. अशा रुग्णालयांच्या आणि शहरातील खासगी लॅबच्या टेबलांवरच वैद्यकाचे तसेच डीएमएलटीचे, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेचे, विद्यार्थी रक्त, लघवी, थुंकी हाताळायला शिकतात. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर नाव, वय, हवी असलेली तपासणी आणि पुष्कळदा ‘ताप’ एवढाच शब्द असतो. ‘एचआयव्ही’ असा शेरा असलेली नळी सगळेच जपून उचलतात. विद्यार्थ्याचा घात होतो तो शेरा नसलेल्या नळीपाशी. म्हणूनच एड्सचा फैलाव लक्षात आल्यावर, १९८० च्या दशकात, प्रत्येक नमुना संसर्ग असलेलाच आहे असे धरून चालण्याची रीत रूढ झाली आणि निवडक नमुन्यांपुरती वेगळी काळजी घेण्याची सवय चुकीची ठरली.

कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात या तत्त्वाचा अर्थ ब्रुसेलोसिस या आजारावरून चांगला उमगतो. ब्रुसेला हा जंतू गाभण गायी-म्हशींचा गर्भपात घडवून आणतो, आणि बाधित जनावराचे कच्चे दूध पिणाऱ्याला किंवा व्यालेल्या जनावराचा वार उघड्या हातांनी काढणाऱ्याला तो लागू शकतो. दूध उकळले की हा जंतू मरतो; पण डोळ्यांदेखत म्हैस पिळून घेतलेल्या धारोष्ण दुधाचा पेला ही या शहराची आवडती चैन आहे, आणि तिथे उकळण्याचा प्रश्नच येत नाही. चढता-उतरता ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी अशी लक्षणे अनेक आजारांत दिसत असल्याने डॉक्टरांचा संशय आधी टायफॉइडवर जातो, आणि रक्त कल्चरसाठी, म्हणजे पोषक द्रवात जंतू वाढवून पाहण्यासाठी, प्रयोगशाळेत येते तेव्हा तेथे ब्रुसेलाची कोणालाच कल्पना नसते.

हा जंतू सावकाश वाढतो, प्लेटवर त्याच्या बारीक, निरुपद्रवी दिसणाऱ्या वसाहती काही दिवसांनी उमटतात, आणि नेमक्या याच वेळी शिकाऊ विद्यार्थी झाकण उचलून प्लेट नाकाशी नेतो. काही जंतूंना ओळखीचा वास असतो (स्यूडोमोनासला द्राक्षासारखा) आणि जुन्या पिढीतील जाणकार वासावरून जंतू ओळखत, त्याचे कौतुकही होत असे. ते कौतुक आता थांबलेले बरे. कारण ब्रुसेला श्वासावाटे सहज शरीरात शिरतो, त्याला १० ते १०० जंतूही पुरतात, आणि जगभर प्रयोगशाळेतच जडणाऱ्या जिवाणूजन्य आजारांत त्याचे नाव सर्वांत वरच्यांत घेतले जाते. लक्षणे दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागत असल्याने त्या एका हुंगण्याशी आजाराचा संबंध कोणी जोडतही नाही. संशयास्पद प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, म्हणजे हवा आत खेचून बारीक गाळणीतून सोडणाऱ्या बंदिस्त कपाटातच, उघडायची असते. ती टेबलावर उघडली गेल्याचे लक्षात आले, तर साधारणतः तीन आठवड्यांचा प्रतिजैविकांचा उपचार आणि पुढचे सहा महिने अधूनमधून रक्ततपासणी सुचवली जाते.

श्वासावाटे येणारा धोका सेंट्रिफ्यूजपाशीही असतो. रक्तातील घटक वेगळे करण्यासाठी नळ्या वेगाने फिरवणाऱ्या या यंत्रात नळी फुटली, तर डोळ्यांना न दिसणारे तुषार आत भरून राहतात. यंत्र बंद करून साधारण अर्धा तास झाकणाला हात न लावणे हाच त्यावर उपाय आहे, आणि प्रॅक्टिकलची वेळ संपत आलेली असताना नेमका तोच पाळला जात नाही. एप्रन घालून कॅन्टीनला जाणे, ग्लव्हज घातलेल्या हातानेच मोबाइल उचलणे या खोडी सर्वत्र सारख्याच आहेत. कोल्हापूरपुरती भर घालायची तर कितीही देखणी असली तरी चप्पल पायाची बोटे उघडी टाकते, आणि निसटलेली सुई किंवा फुटलेली काच तिथेच पडते.

सुई टोचण्याचा अपघात मात्र सर्वांत नेहमीचा, आणि तो बहुधा वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना होतो. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार, होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. तरीही विद्यार्थी घाबरतात ते एचआयव्हीलाच. सुई टोपण न लावता कटरने तोडून पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची असते. टोचलीच तर बोट पिळायचे नाही, तोंडात धरायचे नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे आणि तडक वरिष्ठांना सांगायचे, कारण एचआयव्ही रोखणारी औषधे शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. या ७२ तासांतला बराच वेळ ओरडा बसेल या भीतीत जातो, आणि त्याचा दोष विद्यार्थ्याइतकाच, किंबहुना जास्तच, शिकवणाऱ्यांकडे जातो.

हिपॅटायटिस बीची लस तीन मात्रांत, पहिल्या मात्रेनंतर एका आणि सहा महिन्यांनी, घ्यायची असल्याने ती प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधीच सुरू व्हायला हवी. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी हा कचरा हाताळणारे आरोग्य कर्मचारी ‘आणि इतर’ अशा सर्वांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताविरुद्ध लस देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. पगारपत्रकावर नाव नसले, तरी रोज वापरलेल्या सुया आणि नळ्या टाकणारा विद्यार्थी त्या ‘इतर’ शब्दात बसतो, आणि लशीचा खर्च कोण करणार, असे त्याने प्रवेश घेतानाच संस्थेला विचारले तर त्यात वावगे काही नाही.