कमळाला हवं ऊन

कमळ घाण पाण्यातच वाढतं, ही समजूत इतकी पक्की आहे की घरी टबात कमळ लावणारेही त्यात ओलं शेण नाहीतर भाजीपाल्याचा कचरा टाकतात. मग पाणी सडतं, वास मारायला लागतं आणि कंद काळा पडून कुजतो. खरं तर कमळाला चिकण माती लागते ती मुळं रोवायला. पाणी जितकं स्वच्छ तितकं बरं. दीड-दोन फूट रुंदीचा, तळाला भोक नसलेला टब घ्यावा. त्यात पाच-सहा इंच गाळाची माती आणि वर चार-पाच इंच पाणी पुरतं. कंद आडवा ठेवावा आणि कोवळा कोंब मातीबाहेर राहू द्यावा. तो मोडला तर वाढ खुंटते. तरंगणाऱ्या पानांनंतर पाण्यावर उभी राहणारी पानं आली, की मगच चिमूटभर खत मातीत खोल दाबावं.

पाण्यातलं झाड म्हणून ते सावलीत ठेवणं ही त्याहून मोठी चूक. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर पानं येत राहतील, फूल येणार नाही. उत्तरेकडच्या बाल्कनीत कमळ लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी मात्र रोज बदलायची गरज नसते, आटेल तेवढी भर घालावी. डासांसाठी गप्पी मासे सोडता येतात, पण ते परदेशी आहेत. टब रिकामा करताना त्यांना ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नका.

‘निळ्या कमळाचं बी’ म्हणून ऑनलाइन विकली जाणारी पाकिटं घेऊ नका. कमळाच्या जगात दोनच जाती आहेत: आशियातली गुलाबी-पांढरी आणि अमेरिकेतली पिवळी. निळं फूल असतं ते वॉटर लिलीचं. तिच्या तरंगत्या पानाला देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान मात्र अखंड गोल असतं आणि पाण्याच्या वर उभं राहतं. दोघी बहिणी वाटतात, पण डीएनएच्या अभ्यासातून कमळाचं खरं नातं काश्मीरच्या चिनाराशी आणि आपल्याकडच्या सिल्व्हर ओकशी असल्याचं दिसलं आहे. कासच्या तळ्यावरची नाजूक पांढरी कुमुदिनी तर तिसऱ्याच कुळातली. आणि उपवासाचा मखाना हे कमळाचं बी नव्हे; तो येतो बिहारच्या तळ्यांतल्या एका काटेरी पाणवनस्पतीपासून.

कमळाच्या खऱ्या बियांचं कवच इतकं टणक असतं की नुसतं भिजवून बी उगवत नाही. बोथट टोक सॅंडपेपरवर आतला पांढरा गर दिसेपर्यंत घासून बी पाण्यात ठेवलं, की साधारण आठवड्यात कोंब येतो. याच कवचाच्या जोरावर चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातलं सुमारे 1,300 वर्षांपूर्वीचं बी रुजलं होतं. तरी फूल लवकर हवं असेल तर रोपवाटिकेतून कंदच आणावा. बियांपासून आलेलं झाड फुलायला वेळ घेतं, शिवाय आईसारखंच निघेल याची खात्री नसते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळ्या गळल्या की रोग पडला असं वाटतं. फुलाचं आयुष्यच तेवढं असतं, पण त्या दिवसांत ते जे करतं ते थक्क करणारं आहे. बाहेरची हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी ते आतलं तापमान 30 ते 36 अंशांच्या दरम्यान ठेवतं. या उबेमुळे सुगंध दरवळतो आणि रात्री फुलात शिरलेल्या कीटकांना आसरा मिळतो.

डिसेंबरच्या सुमारास पानं पिवळी पडून वाळतात, आणि झाड मेलं म्हणून अनेक जण टब रिकामा करतात. कमळ बहुवर्षायू आहे. कंद मातीत जिवंत असतो, फक्त विसावलेला. वाळलेली पानं कापा, पण देठ पाण्याच्या वरच कापा, कारण त्याच्या पोकळ नळ्यांतून कंदाला हवा पोहोचते. माती सुकू देऊ नका आणि मार्चपर्यंत वाट पाहा.