नॉब फिरतो, पण आकडा भरकटतो!

कृष्णाकाठच्या पलूसला दोन परंपरांचा शेजार लाभला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी अगदी जवळ, तर सतार-तंबोऱ्यांचे मिरज याच जिल्ह्यात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. यंत्र आणि सूर या दोहोंची गाठ घालणारे आजचे एक छोटे उपकरण म्हणजे घरी जोडलेला मिडी कंट्रोलर. तयार कंट्रोलर परवडत नसल्याने काही हौशी वादक आर्डुइनोसारखा स्वस्त बोर्ड आणि मूठभर नॉब घेऊन तो स्वतःच तयार करतात. मात्र काही दिवसांतच एखादा नॉब बिघडल्यासारखा वागू लागतो. हात न लावता आवाज कमी-जास्त होतो किंवा कितीही फिरवले तरी काहीच घडत नाही. ऐन कार्यक्रमात असे झाले, तर रंगाचा बेरंग ठरलेलाच!

अशा वेळी नॉब उपटून नवा बसविण्याची घाई केली जाते. पलूससारख्या ठिकाणी एखादा सुटा भाग हवा असला, तर तो अनेकदा सांगली, पुणे किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागतो. तो आल्यावरही बिघाड कायम राहिला, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. म्हणून आधी निदान, मग खरेदी, हाच क्रम योग्य ठरतो.

आवाज नव्हे, आकडा

जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर अनेकांना आठवत असेल. तेथे नॉबमधून प्रत्यक्ष ध्वनीचा विद्युतप्रवाह जातो. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी पद्धतीत मात्र ध्वनी जात नाही, फक्त सूचना जातात. नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरला तीन पाय असतात. एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड आणि मधल्या पायावर या दोहोंमधला बदलता दाब. बोर्ड हा दाब मोजून ० ते १०२३ असा आकडा काढतो आणि त्याला ८ ने भागून ० ते १२७ हे मिडीचे मूल्य संगणकाकडे पाठवितो. त्यामुळे बिघाड शोधताना कानापेक्षा डोळ्यांवर विसंबावे आणि पडद्यावर कच्चा आकडा पाहावा.

आकडा काय सांगतो?

मूल्य सतत १२७ वर अडकले असेल, तर ग्राउंडची तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी. सतत ० असेल, तर पाच व्होल्टची तार तपासावी. आकडा वाटेल तसा भरकटत असेल किंवा शेजारचा नॉब फिरवताच बदलत असेल, तर मधल्या पायाची तार सुटली आहे असे समजावे. नॉब उलटा चालत असेल, तर दोन टोकांच्या तारांची अदलाबदल झालेली असते. सारा बदल एकाच टोकाकडे एकवटत असेल, तर 'बी' म्हणजे सरळ प्रमाणाऐवजी 'ए' प्रकारचा पोटेन्शिओमीटर बसला आहे. सर्वच नॉब एकदम थरथरत असतील, तर दोष सामायिक ग्राउंडमध्ये, वीजपुरवठ्यात किंवा यूएसबी केबलमध्ये शोधावा.

यांतील बहुतेक दोष कच्च्या सोल्डरिंगचे किंवा चुकीच्या जोडणीचे असतात. नॉब बदलण्याची गरजच नसते.

मल्टिमीटरची साक्ष

नॉबवरच संशय असेल, तर यूएसबी काढून, तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. दहा हजार ओहमच्या नॉबच्या दोन टोकांमधला रोध दहा हजारांच्या आसपास स्थिर दिसला पाहिजे. मधला पाय आणि एक टोक यांच्यामधला रोध नॉब फिरवताना सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी दिसली, तर आतील कार्बनची पट्टी झिजली आहे किंवा तिच्यावर धूळ बसली आहे. रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा उघड्या नॉबला मारक ठरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा देऊन नॉब काही वेळा पूर्ण फिरवावा. तरीही उडी कायम राहिली, तरच तो बदलावा. नवा घेताना दहा हजार ओहमचा घ्यावा. त्याहून बराच मोठा रोध घेतल्यास बोर्डाचे मोजमाप डळमळीत होऊ शकते.

तारा ठीक, तरी थरथर?

कच्चा आकडा ५११ आणि ५१२ यांच्यामध्ये डोलत असेल, तर मिडी मूल्य ६३ आणि ६४ यांच्यात हेलकावते. हा बिघाड नव्हे, मोजमापाचा स्वभाव आहे. कच्च्या आकड्यात ठरावीक फरक, उदाहरणार्थ ५ किंवा ६, पडल्याशिवाय नवे मूल्य पाठवू नये, अशी अट प्रोग्रॅममध्ये घातली की थरथर थांबते. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यानेही फरक पडतो. अनेक नॉब एकाच पिनवर आणणारी ४०५१ ही मल्टिप्लेक्सर चिप वापरली असेल, तर वाहिनी बदलल्यावर काही मायक्रोसेकंद थांबूनच आकडा वाचावा. अन्यथा आधीच्या नॉबची सावली पुढच्यावर पडते.

आधी आकडा, मग तार, त्यानंतर मल्टिमीटर आणि शेवटी प्रोग्रॅम, हा क्रम पाळला तर बहुतेक दुरुस्त्या घरच्या टेबलावरच होतात. मात्र ही तपासणी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच उरकलेली बरी.