ही फाइल कसली आहे?

ब्रेलमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहायला पाच घरं लागतात: म, र, आ, ठ, ई. भारती ब्रेलमध्ये काना आणि वेलांटी अक्षराला चिकटत नाहीत, स्वर होऊन पुढच्या घरात जाऊन बसतात. हाच शब्द आता संगणकावर बीआरएफ फाइलमध्ये साठवा. बीआरएफ म्हणजे ब्रेल छपाईयंत्रासाठी किंवा ब्रेल डिस्प्लेसाठी तयार केलेली फाइल. ती साध्या एडिटरमध्ये उघडली तर काय दिसतं? एम, आर, गणितातलं ‘मोठे आहे’चं चिन्ह, डब्ल्यू आणि 9 हा आकडा. देवनागरीचा मागमूसही नाही.

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा बराच वेळ त्या पाच खुणांकडे बघत बसलो होतो. एका घरात सहा ठिपके, प्रत्येक एक तर उठलेला, नाही तर सपाट. म्हणजे सगळ्या मिळून 64 आकृत्या. प्रत्येक आकृतीला कीबोर्डवरचं एकेक साधं चिन्ह नेमून दिलं की झालं, कोणत्याही भाषेचं ब्रेल जुन्यातल्या जुन्या संगणकावरही मावतं. ‘म’ला एम मिळाला तो योगायोगाने नव्हे. 1951 साली भारती ब्रेल ठरलं तेव्हा जिथे उच्चार जुळले तिथे रोमन ब्रेलचीच आकृती घेतली. ‘ठ’ला मात्र डब्ल्यू आला.

पण यातूनच पेच उभा राहतो. या फाइलमध्ये ‘मी ब्रेल आहे’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. तिची प्रत्येक खूण इंग्रजी मजकुरातही चालणारी. डोळ्यांना ती निरर्थक वाटते, बोटांखाली तीच कविता असू शकते. मग वेबवरून ही फाइल मागितल्यावर वाचणाऱ्याच्या संगणकाला ते सांगणार कोण?

सर्व्हर. फाइल पाठवण्याआधी तो काही ओळी पाठवतो, त्यातली एक ‘कन्टेन्ट-टाइप’. येतंय ते चित्र आहे, गाणं आहे की मजकूर, हे ती एक ओळ सांगते. ही पद्धत ईमेलमधून आली. 1992 साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं मानक मांडलं. त्याच वर्षी 11 मार्चला बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या ईमेलसोबत त्यांच्या चौघांच्या गायनचमूचा फोटो आणि गाण्याचं ध्वनिमुद्रणही गेलं. वेबने ती कल्पना उचलली. 1991 मधल्या पहिल्यावहिल्या वेबला तर अशी ओळच नव्हती, येईल ते एचटीएमएल धरून चालायचं.

आश्चर्य असं, की ही ओळ लिहिताना सर्व्हर सहसा फाइल उघडूनही बघत नाही. तो तिच्या नावाचं शेपूट बघतो आणि माइम टाइप्सच्या यादीत शोधतो. यादीत बीआरएफ नसेल तर? अपाचे सर्व्हर 2.2 आवृत्तीपर्यंत अशा वेळी ‘टेक्स्ट/प्लेन’, म्हणजे साधा मजकूर, असं ठोकून द्यायचा. 2012 साली आलेल्या 2.4 पासून तो माहीत नसेल तर गप्प बसतो. मग ब्राउझर पहिल्या काही बाइटवरून अंदाज बांधतो, आणि बीआरएफमध्ये सगळी छापता येणारी चिन्हं असल्यामुळे त्याचाही निष्कर्ष तोच: साधा मजकूर. फाइल थेट पडद्यावर उघडते आणि स्क्रीन रीडर मोठ्याने वाचू लागतो. एम, आर, ग्रेटर, डब्ल्यू, नाइन. मराठी गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसाला पानंच्या पानं हे ऐकावं लागतं.

दुरुस्तीला दोन ओळी पुरतात. अपाचेत ‘ॲडटाइप’ लिहायचं, पुढे ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’, पुढे बीआरएफ. याचा अर्थ: हे नुसते बाइट आहेत, अर्थ लावू नकोस, जपून ठेव. दुसऱ्या ओळीत ही फाइल जोडपत्र म्हणून द्यायची असं सांगायचं. कुर्झवेल 3000 या वाचनसाहाय्य सॉफ्टवेअरच्या केईएस फाइलसारख्या खास शेपटांनाही यादीत अशीच जागा करून द्यावी लागते.

ईपब पुस्तकाची तऱ्हा आणखी विलक्षण. ते असतं एक झिप, पण नियम असा की त्यातली पहिलीच फाइल ‘माइमटाइप’ नावाची हवी, आणि ती दाबून बसवायची नाही, उघडीच ठेवायची. आत एवढंच: ‘ॲप्लिकेशन/ईपब+झिप’, रोमन लिपीत मोजून 20 अक्षरं. झिपच्या मथळ्याचे 30 बाइट, मग त्या फाइलच्या नावाचे 8, आणि 38 बाइट ओलांडले की पुस्तकाची ओळख, डोळ्यांनी वाचता येईल अशी. कोणतंही ईपब हेक्स एडिटरमध्ये उघडून बघा. पुस्तक पोटात स्वतःचं नाव घेऊन फिरतं! तरीही सर्व्हरने ते सांगितलं नाही, तर ब्राउझरला दिसतात फक्त सुरुवातीची पी आणि के ही अक्षरं, म्हणजे झिप रचणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं, आणि तो ठरवतो की हे नुसतं झिप आहे.

डेझी प्रकारच्या बोलत्या पुस्तकात तर फाइलींचा गोतावळाच असतो. आवाजाच्या फाइली वेगळ्या, मजकूर वेगळा, आणि दोघांना बांधणारी स्माइल फाइल. अमुक वाक्य अमुक ध्वनिफितीत कितव्या सेकंदाला सुरू होतं, कुठे संपतं, याची ती नोंद ठेवते. त्यामुळे अंध वाचकाला बाराव्या प्रकरणावर थेट जाता येतं. असं पुस्तक वेबवरून वाचताना प्रत्येक तुकडा सर्व्हरकडे मागावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस सर्व्हर 2003 पासून अनोळखी शेपटाची फाइल देतच नाही. फाइल डिस्कवर जागच्या जागी असते, आणि वाचकाला उत्तर येतं 404, सापडत नाही. खरं कारण 404.3, म्हणजे प्रकार यादीत नाही, हे सहसा सर्व्हरपाशी बसलेल्यालाच दिसतं.

भारतात 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना अशी पुस्तकं पुरवतं. घरी बसून कुणी मराठी ब्रेल फाइल उतरवून घेतो, ती डिस्प्लेला देतो. यंत्राच्या पट्टीत बारीक पिना असतात, विजेच्या इशाऱ्यावर उठतात, बसतात. एमसाठी तीन पिना वर येतात, आरसाठी चार, त्या ‘मोठे आहे’साठी तीन, डब्ल्यूसाठी चार, 9 साठी दोन. बोट डावीकडून उजवीकडे सरकतं आणि वाचतं: मराठी.