अंगणात दहा जण, रॅकेट दोन!

लाँग वीकेंड आला की पुण्यातले अर्धे सातारकर आणि सांगलीकर स्वारगेटला भेटतात. कधी कधी सोबत ऑफिसची गँगही असते. गावी पोचल्यावर खाणं होतं, झोपा होतात आणि संध्याकाळी कुणीतरी माळ्यावरून बॅडमिंटनचा सेट काढतं. पुढचं तुम्हाला पाठ असेल. कॉलेजच्या टीममध्ये खेळलेले दोन हिरो तासभर स्मॅश मारतात, बाकीचे आठ जण पायरीवर बसून मोबाइल बघतात. वहिनी तर 'तुम्ही खेळा' म्हणत चहा टाकायला आत! मला हे अजिबात झेपत नाही.

मुळात हा खेळ फक्त दोघांचा नव्हताच. 1870च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळायचे, त्याला 'पूना' असंच म्हणायचे. सुरुवातीच्या काळात एका बाजूला चार-चार जणही असत. युरोपातल्या त्याहून जुन्या खेळात तर नेटच नव्हतं. फूल जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवायचं, बस्स. (हो, आमच्याकडे शटलला फूलच म्हणतात.) म्हणून आमचा पहिला फंडा मोजणीचा. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, मोठ्याने मोजायचं आणि एकाने लागोपाठ दोनदा मारायचं नाही. पन्नासच्या आत पडलं तर सगळेच हरले. पोरकट वाटतंय? जागतिक महासंघाने 2019 साली मोकळ्या हवेसाठी 'एअर बॅडमिंटन' आणलं, त्यात तिघा-तिघांचा सामना अधिकृत आहे आणि लागोपाठ दोनदा न मारण्याचा नियम तिथेही आहे.

रॅकेट खरंच दोनच असतील तर पळापळी. दोन्ही बाजूंना रांगा लावा. फूल उंच मारायचं, रॅकेट मागच्याच्या हातात द्यायची आणि पळत समोरच्या रांगेत. तीनदा चुकला तो बाद. पाच मिनिटांत सगळ्यांची दमछाक, हसून हसून पोटात दुखतं ते वेगळंच.

साताऱ्यात माझं आजोळ आणि तिथला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत! जेमतेम पाच ग्रॅमचं फूल तिथे मारलं एकीकडे तर जातं शेजाऱ्यांच्या गच्चीवर. यावर जुनाच तोडगा आहे: लोकरीचा चेंडू. तंजावरकडे 'बॉल बॅडमिंटन' त्यावरच वाढलं. तो चेंडू 27-28 ग्रॅमचा आणि एका बाजूला पाच खेळाडू, म्हणजे आमचे दहाच्या दहा जण मैदानात! फक्त नव्या महागड्या रॅकेटने खेळू नका, गटिंग जाईल. माळ्यावरची जुनी लोखंडी काढा. चेंडू नसेल तर दर पाच पॉइंटला बाजू बदला, म्हणजे वारा दोघांनाही सारखाच छळतो.

सांगलीचं घर सपाटीवर, अंगण ऐसपैस. नंदू नाटेकरांचा जन्म याच सांगलीतला, 1933चा. 1956 साली क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांच्या गावात नुसत्या ताकदीचं काय कौतुक? आमच्या अंगणात स्मॅश बंद! कॉलेज चॅम्पियन असलेल्या माझ्या मावसभावाला डाव्या हाताने खेळावं लागतं. तरी जिंकायला लागला तर रॅकेट काढून घेऊन स्टीलचं ताट. गेल्या दिवाळीत वहिनींनी त्याला हळूच नेटजवळ फूल टाकून तीनदा पाडलं. चहा त्या दिवशी त्यानेच केला, आणि अंधार पडला तरी वहिनी रॅकेट सोडेनात.

सामान फार लागत नाही. कपडे वाळत घालायची दोरी पाच फुटांवर बांधा, त्यावर जुनी साडी टाका. फूल प्लॅस्टिकचं घ्या, पिसांचं दोन संध्याकाळी टिकत नाही. तुळशीवृंदावनाला लागलं तर आऊट. आणि कौलांवर गेलं तर ज्याने मारलं त्यानेच शिडी आणायची, मग तो तुमचा टीम लीडर का असेना!