धरणाऱ्या हातांची विद्या

अटक कशी करावी, याबद्दल कायद्याने मोजकेच सांगितले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून ताब्यात येत नसेल, तर पोलिसाने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करायचा किंवा त्याला अडवून धरायचे. त्याने झटापट केली, तर आवश्यक ते सर्व उपाय करायची मुभा आहे. पुढे कलम ४६ बजावते, की तो निसटू नये एवढ्यापुरताच अटकाव करायचा, त्याहून जास्त नाही. या दोन कलमांच्या मध्ये शिपायाचे दोन हात असतात. ते कुठे लागावेत, किती जोराने, किती वेळ, हे संहितेत लिहिलेले नाही. ते मॅटवर आणि कवायतीच्या मैदानावर शिकावे लागते. न शिकता कामावर आलेला हात बहुधा काठीकडे जातो.

या विद्येबद्दल उरणमधून लिहिण्याला कारण आहे. उरण तालुका महसुलाच्या हिशेबाने रायगड जिल्ह्यात, पण पोलिसांच्या हिशेबाने नवी मुंबई आयुक्तालयात मोडतो. उरण, न्हावा शेवा आणि मोरा सागरी अशी इथली पोलीस ठाणी. १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरावर आणि ओएनजीसीच्या प्रकल्पावर पहारा असतो तो केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा. करंजाला नौदलाचा आयएनएस अभिमन्यू हा तळ आहे, मार्कोस कमांडोंचे घर. सप्टेंबर २०१६ मध्ये शाळकरी मुलांनी या भागात शस्त्रधारी संशयित पाहिल्याचे सांगितले, तेव्हा ही सगळी दले एकाच वेळी रस्त्यावर आली होती. एवढ्याशा तालुक्यात बळ वापरण्याचे तिन्ही धंदे शेजारी शेजारी नांदतात. कमांडोला शत्रू संपवायचा असतो. बंदरावरच्या जवानाला माणूस अडवून पोलिसांच्या हवाली करायचा असतो. पोलिसाला तो धडधाकट न्यायालयापुढे उभा करायचा असतो. मनगट तेच, कोपर तेच, सांधा उलटा वळवला की होणारी वेदनाही तीच. थांबायचे कुठे, ते मात्र प्रत्येकाचे वेगळे, आणि पोलिसाला सगळ्यांत आधी थांबावे लागते. म्हणूनच त्याचे शिक्षण मला सर्वांत अवघड वाटते.

थांबता आले नाही म्हणजे काय होते, हे उरणला कुणी सांगायला नको. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात, अक्कादेवीच्या रानात, पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या शेतकऱ्यांवर दास्तान फाटा आणि पागोटे इथे गोळ्या झाडल्या गेल्या. पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या रक्तातून आले. चिरनेरच्या स्मारकापाशी आता दर वर्षी २५ सप्टेंबरला पोलीसच हुतात्म्यांना बंदुकीच्या फैरींची मानवंदना देतात. जमावापुढे मनगटाची पकड चालत नाही, हे मला मान्य आहे. हजारांच्या मोर्चाला दोन हातांनी कोण धरणार? तिथे ढाल, माघारीची वाट आणि वाटाघाटी लागतात. पण ज्या दलाला हात आणि गोळी यांच्या मधल्या पायऱ्या ठाऊक नसतात, ते एका माणसासमोरही तसेच वागते आणि हजारांसमोरही. मधल्या पायऱ्यांची सवय एकेका माणसापासूनच लागते.

यातली पहिली पायरी जवळून पाहावी. मोऱ्याच्या जेट्टीवर दारू प्यालेला एक तरुण हातवारे करतो आहे, मागे पाणी आहे, पायाखाली शेवाळ आहे. इथे काठी उगारली तर तो मागे सरकेल आणि समुद्रात पडेल. शिकलेला शिपाई समोरून जात नाही, बाजूने जातो. एक हात मनगटावर, दुसरा कोपराच्या किंचित वर. मनगट वळवून कोपर सरळ केले, की खांदा आपोआप खाली झुकतो आणि त्याच्यामागे धडही झुकते. ताकद फारशी लागत नाही. ही तरफ आहे, आणि म्हणून पन्नास किलो वजनाच्या महिला शिपायालाही ती जमते. दुसरा सहकारी दुसऱ्या हाताला. बोलायचे मात्र एकानेच. दोघे-तिघे एकाच वेळी ‘खाली बस’, ‘हात वर कर’, ‘हलू नकोस’ असे ओरडले, तर शुद्धीवर असलेला माणूसही गोंधळतो, आणि त्याच्या गोंधळालाच मग विरोध समजले जाते. अनेक झटापटी इथेच बिघडतात.

ही तरफ आपल्या मातीला नवी नाही. पट काढणे, घिस्सा, हप्ता, मागे जाऊन कब्जा घेणे, खाली पडलेल्यावर सवारी घालणे, हे सगळे माणूस न मोडता त्याला धरून ठेवण्याचेच प्रकार आहेत. महाराष्ट्रात तालमीतून पोलिसात जाण्याची वाट फार जुनी आणि रुळलेली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. १९५५ मध्ये ते उपनिरीक्षक म्हणून पोलिसात आले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. अलीकडे नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे महाराष्ट्र केसरी मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले. मल्लांना नोकरी देऊन दलाने खेळाचा मान राखला, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या अंगातली विद्या ठाण्यातल्या साध्या शिपायापर्यंत पोचवणे हे वेगळे काम आहे, आणि माझ्या मते ते पदकांहून मोठे आहे.

ती पोचवताना एक फरक विसरून चालत नाही. खाशाबांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडून त्याला मातीवर आपटायचे, बघणाऱ्याचे डोळे दिपवणारा डाव. आखाड्यात पंच असतो, खाली माती असते, समोरचाही तयारीचा असतो. ज्युदोत गळ्याला पकड बसली, की खेळाडू मॅटवर थाप मारतो आणि पकड त्याच क्षणी सुटते. रस्त्यावर थाप मारायची सोय नाही. खाली डांबर असते किंवा बंदराच्या आवारातले काँक्रीट. धरलेला माणूस श्वासासाठी तडफडतो आणि वर बसलेल्याला वाटते, हा अजून जोर करतोय. म्हणून तो आणखी दाबतो. १७ जुलै २०१४ ला न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर असाच गळ्याच्या पकडीनंतर गेला. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ होता. दोघेही श्वास घेता येत नसल्याचे पुन्हा पुन्हा सांगत होते.

शरीरशास्त्र इथे अगदी साधे आहे. पोटावर पालथा पाडलेला, हात मागे बांधलेला आणि पाठीवर दुसऱ्याचे वजन घेतलेला माणूस छाती फुगवू शकत नाही, पोटाला जागा नसल्याने श्वासपटल खाली सरकत नाही. त्यात दारू, पळाल्याची धाप किंवा स्थूलपणा असेल, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. ‘बोलतोय म्हणजे श्वास घेतोय’ ही समजूत घातक आहे. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात बेडी पडताच माणसाला कुशीवर वळवायचे आणि मग बसवायचे, हे डावाचाच भाग म्हणून घोटून घेतात. गुडघा टेकायचाच असेल तर खांद्याच्या फऱ्यावर, तोही बेडी पडेपर्यंत. मानेला हात नाही. हा नियम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लागावा, असे मला मनापासून वाटते.

युद्धकलांना पोलिसी रूप देण्याचे प्रयत्न जगात शंभर वर्षांपासून चालू आहेत. शांघायच्या महापालिका पोलीस दलातल्या विल्यम फेअरबेर्नने जुजुत्सूवरून स्वतःची पद्धत बसवली आणि १९२६ मध्ये ‘डिफेंडू’ नावाने ती छापली. पुढे महायुद्धात त्याच माणसाने कमांडोंना मारण्याचे शिक्षण दिले. दोन धंद्यांमधली रेघ किती पातळ आहे, हे त्याच्या आयुष्यावरून दिसते. जपानने युद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, ज्युदो, केंडो आणि जुजुत्सूतून निवड करून ‘ताइहोजुत्सू’ हे खास अटकेचे तंत्र तयार केले. आपल्याकडे सीआयएसएफने फिलिपिन्सची पेकिती तिरसिया काली स्वीकारली; दिल्ली मेट्रोवरच्या महिला जवानांना ती शिकवली गेली. ती मुळात सुरी आणि काठीची कला, त्यामुळे त्यातले किती घ्यायचे आणि किती गाळायचे, हा प्रश्न तिथेही आहेच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा पोलिसांनी २०१९ पासून नव्या भरतीच्या जवानांना ब्राझिलियन जुजुत्सूचे वर्ग सक्तीचे केले, आणि बळ वापरताना पोलिसांना होणाऱ्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे जाहीर केले. आरोपींच्या दुखापतीही घटल्या, असे त्यांचे आकडे सांगतात. एका छोट्या दलाचा अनुभव म्हणूनच त्याकडे पाहावे, पण त्यामागचे कारण मला पटते. ज्याला रोज मॅटवर कुणीतरी धरते, दाबते आणि सोडते, तो रस्त्यावर घाबरत नाही. घाबरलेला पोलीसच जास्त मारतो.

धरण्याची किंमत महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कळली. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी पकडली आणि गोळ्या अंगात घेऊनही सोडली नाही. त्या पकडीमुळे कसाब जिवंत हाती लागला, खटला चालला, कटाचा माग जगापुढे मांडता आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. अशा धैर्याचे प्रशिक्षण देता येत नाही. पण इतके मोठे काम निव्वळ हातांनी होऊ शकते, हे लक्षात घेऊन शिपायाला हातांचे शिक्षण तरी नीट द्यावे, एवढे त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

आता बेडीकडे येतो. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, खून, बलात्कार, अमली पदार्थ, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद अशा ठरावीक प्रकरणांत गुन्ह्याचे स्वरूप पाहून बेडीला परवानगी दिली. बंदरामुळे अमली पदार्थांची प्रकरणे इथे नवी नाहीत, तळोजा कारागृहही फार दूर नाही. आरोपी न्यायालयात नेताना कैदी पार्टीला हा निर्णय प्रत्यक्ष घ्यावा लागतो. बेडी घालण्यातही कसब आहे. कडी नुसती चेपून बसवली, तर माणसाच्या प्रत्येक हिसक्याला ती आणखी आवळत जाते आणि मनगटाच्या नसा चिरडतात. त्यासाठी बेडीला दुसरे कुलूप असते. कडी आणि मनगट यांच्यात बोट जाईल एवढी फट ठेवून ते लावले, की कडी जागची हलत नाही. घाईत असलेले लोक हे दुसरे कुलूप विसरतात. मनोरुग्णाच्या बाबतीत तर बेडीचा विचारही शेवटी यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०० भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेण्याचे कर्तव्य पोलिसावर टाकते, त्याला आरोपी मानत नाही.

भरतीनंतरच्या प्रशिक्षणात विनाशस्त्र झटापटीचे तास असतात. पुढे बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, गणपती, निवडणुका यांत वर्षे निघून जातात आणि हात ते सगळे विसरतात. आठवड्यातून एक तास, ठाण्याच्याच आवारात एक मॅट, शिकवायला आयुक्तालयातला एखादा जुना मल्ल किंवा ज्युदोपटू, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. त्या तासात पकडण्याइतकाच वेळ सोडण्याला द्यावा. किती झटकन सोडता येते, हे घड्याळ लावून तपासावे.

अटकेनंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे आरोपीची वैद्यकीय तपासणी होते. उरणच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर शर्ट उतरवायला सांगतात, मनगटे पाहतात, मान पाहतात, पाठ पाहतात, श्वास ऐकतात, आणि जखमा असतील तर त्यांची जागा, रंग, लांबी-रुंदी कागदावर लिहितात. अटक करणाऱ्याने हातांची विद्या किती शिकली आहे, ते त्या कागदावर नोंदले जाते.